नेनबा : पुन्हा शाकारलेलं गाव

माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं. लहानपणी आमच्या वरच्या अंगाला एक वाडी होती, तिथली निम्मी घरं गवताने शाकारलेली असायची. वैशाख सरत आला की वाडीतली माणसं एकमेकांच्या घरांवर चढायची. आज याचं पाखं, उद्या त्याचं. खालून पेंढ्या वर फेकायचं काम आम्हा पोरांचं. त्या गवताची कुसळं हाताला आठवडाभर टोचत राहायची. पुढे कौलं आली, मग पत्रे आले आणि शाकारणी हा शब्दच घरातल्या बोलण्यातून निघून गेला.

मुलगा चार वर्षांपासून तोक्योत नोकरी करतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने विचारलं, "आई, काय बघायचंय? क्योतो? हिरोशिमा?" मी म्हटलं, "गवती छपरांचं एखादं गाव दाखव." त्याने शिराकावा-गोचं नाव घेतलं, पण ते लांब आणि हाताशी दिवस चारच. मग त्याने शोधून दोन जागा काढल्या. एक तोक्योच्या अगदी शेजारी, दुसरी फुजीच्या पायथ्याशी, नेनबा नावाचं गाव. दुसऱ्या गावाची हकिगत त्याने मला आधी सांगितली नव्हती, मुद्दामच.

दिवस पहिला : कावासाकी

तोक्योतल्या शिंजुकूहून ओदाक्यू लाइनची गाडी धरली, मुकोगाओका-युएन स्टेशनला उतरलो आणि पंधराएक मिनिटं चालत इकुताच्या टेकडीवर पोहोचलो. तिथे 'निहोन मिंका-एन' आहे. मिंका म्हणजे साध्या माणसांची घरं. शेतकऱ्यांची, व्यापाऱ्यांची, कोळ्यांची जुनी घरं देशाच्या निरनिराळ्या भागांतून इथे आणून पुन्हा उभी केली आहेत. वासा न् वासा सोडवायचा, त्यावर खूण करायची, आणायचा आणि इथे पुन्हा जोडायचा. कावासाकीतलंच इतो कुटुंबाचं जुनं घर शहराबाहेर जाऊ नये म्हणून धडपड सुरू झाली आणि तिच्यातून 1967 साली हे संग्रहालय उघडलं. जपानात नवी शहरं झपाट्याने वाढत होती आणि जुनी घरं तितक्याच झपाट्याने पाडली जात होती, त्या काळातली ही गोष्ट.

आत शिरल्याशिरल्या एक दालन लागतं. घर कसं बांधायचं ते तिथे टप्प्याटप्प्याने मांडलं आहे. भिंतीच्या नमुन्यासमोर मी थबकलेच. बांबूच्या कामट्यांची जाळी, ती दोरीने बांधलेली आणि तिच्यावर पेंढा कालवून तुडवलेल्या मातीचा थर. हा तर आपला कूड! आमच्याकडे बांबूऐवजी कारवी आणि वरून शेणाचं सारवण, एवढाच फरक. काचेवर बोट ठेवून मी ह्यांना म्हटलं, "बघा, वाडीतली भिंत." ह्यांनी मान डोलावली आणि खाली वाकून दोरीची गाठ कशी मारली आहे ते पाहत बसले.

एकूण घरं पंचवीसच्या आसपास. सगळ्यांबद्दल लिहीत नाही. हादानो गावाहून आणलेलं कितामुरा घर मात्र मनात राहिलं. त्याच्या लाकडावर शाईने लिहिलेला मजकूर सापडला, म्हणून ते 1687 सालचं आहे हे नक्की सांगता येतं. म्हणजे रायगडावर संभाजी महाराज होते, तेव्हा या घराचे खांब उभे राहत होते. मधल्या मोठ्या खोलीला जमीन बांबूंची आहे, गोल बांबू एकाला एक लावून केलेली. अनवाणी उभं राहिलं की तळव्याला प्रत्येक बांबू वेगळा लागतो आणि खालून गार वारा येतो.

शिराकावा-गोच्या बाजूची उंच छपरांची घरंही इथे आहेत. त्यातल्या एका घरात चूल पेटली होती. तिला चूल म्हणावं की शेगडी, कळत नाही. खोलीच्या मधोमध जमिनीत चौकोनी खळगा, त्यात राख आणि राखेवर लाकडं. जपानीत तिला इरोरी म्हणतात. वरून आढ्याला टांगलेला लांब आकडा आणि आकड्याला काळी किटली. किटली वर-खाली करायला मध्ये जो आडवा लाकडी तुकडा असतो, तो माशाच्या आकाराचा कोरलेला. मासा पाण्यातला, म्हणून त्याने घर आगीपासून राखायचं, अशी त्यामागची समजूत.

आगीजवळ एक आजोबा बसले होते, संग्रहालयाचे स्वयंसेवक. घरं टिकावीत म्हणून ही मंडळी येऊन आग पेटवतात. घरात धूर झाला नाही, तर छपरात ओल धरते आणि कीड लागते. धुराचं काजळ गवतावर आणि दोऱ्यांवर बसलं की ती वर्षानुवर्षं टिकतात. मुलगा भाषांतर करत होता. मी सांगितलं, आमच्याकडेही असंच, चुलीच्या वरचं गवत सगळ्यात शेवटी कुजतं. आजोबांनी हातानेच विचारलं, पेंढी कशी बांधता? मी ओढणीचं टोक घेऊन गाठ मारून दाखवली. त्यांनी ती सोडवली आणि त्यांची गाठ मारून दाखवली. वेढा उलटा होता, बाकी गाठ तीच. आम्ही दोघं हसलो आणि आमचं भाषांतर करायला कोणी लागलं नाही.

दिवस दुसरा : साईको

सकाळी शिंजुकूहून बस, दोन तासांच्या आत कावागुचिको. मुलगा बरोबर होता. आभाळ भरलेलं, फुजीचा पत्ता नाही. स्टेशनाबाहेरून साईकोकडे जाणारी हिरव्या मार्गाची बस मिळते, पण तासाला जेमतेम एक, तेव्हा वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवावा. साईको म्हणजे पश्चिमेचं सरोवर. समुद्रसपाटीपासून साधारण 900 मीटर उंचीवर, गर्द रंगाचं, किनाऱ्यावर फारशी वर्दळ नसलेलं. इसवी सन 864 मध्ये फुजीचा मोठा उद्रेक झाला, तेव्हाच्या लाव्ह्याने एका मोठ्या सरोवराचे तुकडे केले. त्यातला एक साईको. त्याच लाव्ह्यावर पुढे आओकिगाहाराचं जंगल वाढलं. बस त्याच्या कडेकडेने जाते. झाडांची मुळं दगडात शिरता येत नाही म्हणून दगडांवरून पसरत गेलेली दिसतात, पाठीच्या शिरांसारखी.

वाटेत वटवाघळांच्या गुहेपाशी उतरलो ते एका माशासाठी. कुनिमासु हा मासा उत्तरेतल्या आकिता प्रांतातल्या ताझावा सरोवरातला, फक्त तिथलाच. 1940 मध्ये वीजनिर्मितीसाठी त्या सरोवरात आम्लधर्मी नदीचं पाणी वळवलं आणि मासा संपला. पण त्याआधी, 1935 मध्ये, त्याची अंडी साईकोत आणून सोडली होती. 2010 मध्ये तो इथे जिवंत सापडला. इथले कोळी त्याला काळा मासा म्हणून ओळखत होते आणि पकडतही होते. सत्तर वर्षं जो गेला म्हणून धरला होता, तो परक्या पाण्यात सुखाने राहत होता. टाकीतला मासा काळपट, संथ, एका जागी कल्ले हलवत उभा. मी बराच वेळ त्याच्यासमोर होते.

मुक्काम मिंशुकूत, म्हणजे घरगुती उतरण्याच्या जागेत. सरोवराच्या पश्चिम टोकाला सपाटीवर अशा मिंशुकूंची अख्खी वस्तीच आहे. जेवायला 'होतो' नावाचा पदार्थ होता: जाड, रुंद शेवया, लाल भोपळा आणि भाज्या, सगळं मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, रश्शात शिजवलेलं. थेट वरणफळांची आठवण यावी असं. सोबत सरोवरातल्या बारक्या माशांची भजी. आम्ही मासे खातो म्हणून अडचण आली नाही. पूर्ण शाकाहारी माणसाने आधी कळवायला हवं, कारण रश्शातही माशाचा अर्क असतो.

जेवण झाल्यावर घरच्या बाई चहा घेऊन आल्या. साठीच्या असतील. मुलाने त्यांना सांगितलं, उद्या आई नेनबा बघणार आहे. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि खिडकीकडे हात केला. बाहेर मिट्ट काळोख होता. म्हणाल्या, माझे सासू-सासरे तिथले. आमच्या शेजारची आणि त्या पलीकडचीही घरं तिथून आलेल्यांची. मग मुलाने मला सगळं सांगितलं.

25 सप्टेंबर 1966. मध्यरात्र उलटून गेली होती, मोठं वादळ या भागावरून जात होतं. नेनबाच्या मागचा डोंगर पाण्याने भिजून फुटला आणि ओढ्यावाटे दगड, माती, झाडं यांचा लोंढा गावात शिरला. चाळीसएक घरांपैकी मोजकीच उरली. नेनबात 63 माणसं गेली, शेजारची साईको वस्ती धरून 94. जे वाचले त्यांना पुन्हा त्या जागी राहता येणार नव्हतं. ते सगळे मिळून इथे, जंगलाच्या कडेला आले आणि त्यांनी ही मिंशुकूंची वस्ती वसवली.

ऐकून माझा हात ह्यांच्या हातावर गेला. आम्ही दोघं एकाच गोष्टीचा विचार करत होतो. माळीण आमच्या माहेरघरापासून काही लांब नाही. 30 जुलै 2014. पहाटेनंतर डोंगर आला आणि दीडशेवर माणसं त्याखाली गेली. नेहमीच्या एसटीच्या चालकाला रस्त्याच्या टोकाला गावच दिसलं नाही, तेव्हा जगाला कळलं. ऑगस्टमध्ये मी भावाबरोबर तिथे गेले होते. चिखलातून एका घराचं तुळशीवृंदावन वर निघालं होतं. त्याच्याकडे बघवेना आणि नजर काढवेना.

मुलाला विचारलं, आधी का नाही सांगितलंस? म्हणाला, "सांगितलं असतं तर तू आली नसतीस." खरं असेल.

दिवस तिसरा : नेनबा

सकाळी चालतच निघालो. थंडी चांगली होती, रस्त्याकडेच्या मेपलला लाली चढली होती. नऊला फाटक उघडतं. तिकीट माणशी 500 येन. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि एका उतारावर पायरीपायरीने वर चढत गेलेली गवती छपरं दिसली, वीसेक घरं. मधून ओढा वाहतो, त्यावर पाणचक्की. सगळ्याच्या मागे ओनिगाताके. ओनि म्हणजे राक्षस, ताके म्हणजे शिखर.

हे गाव 2006 मध्ये खुलं झालं, उद्ध्वस्त झाल्यानंतर चाळीस वर्षांनी. पूर्वीच्याच जागी, पूर्वीसारखीच घरं. कावासाकीला घरं खरी होती, पण जमीन दुसरी. इथे घरं बहुतेक नवी आहेत आणि जमीन तीच. दिवसभर हे माझ्या मनातून हललं नाही. प्रत्येक पायरीवर पाय ठेवताना मी हळू ठेवत होते.

छपरांचा घाट वेगळा आहे. त्याला काबुतो, म्हणजे योद्ध्याच्या शिरस्त्राणाचा घाट म्हणतात. बाजूच्या टोकाला गवत वर उचलून कापलेलं असतं, कपाळावरचे केस सारावेत तसं, आणि तिथे खिडक्या. कारण माळ्यावर रेशमाचे किडे पाळायचे. किड्यांना उजेड हवा, वारा हवा. खाली माणसं, वर किडे आणि मधून इरोरीची ऊब दोघांना. या भागाचं पोट मोठ्या प्रमाणात रेशमावर चालायचं, म्हणून छपराने आपला आकार बदलला. आमच्याकडे माळ्यावर भात आणि नाचणी असायची. छप्पर सारखं, पण त्याखाली जगायची रीत ज्याची त्याची.

एका घराच्या वळचणीखाली उभी राहून मी छपराचा कापलेला काठ जवळून पाहिला. गवत सुसुकी नावाचं, आपल्या डोंगरावरच्या उंच गवतासारखंच, तुरा येणारं. हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत जेवढं अंतर, त्याहून जाड थर. हजारो काड्यांची टोकं एका पातळीत कापलेली. बोट दाबून पाहिलं तर जरासुद्धा आत गेलं नाही. आमच्या वाडीतलं छप्पर इतकं जाड कधीच नव्हतं. आमचं दर एक-दोन वर्षांनी करायचं, हे एकदा केलं की वीस-तीस वर्षं बघायला नको. उतार मात्र दोन्हीकडे तसाच उभा, पाणी थांबू नये म्हणून. पाऊस वरच्या चार बोटं गवतालाच भिजवतो, खालचं कोरडं राहतं.

घरांमध्ये आता निरनिराळी कामं चालतात. कुठे मातीची भांडी, कुठे कापडाच्या छोट्या बाहुल्या, कुठे कागद, एका ठिकाणी सोबा शेवयांचं जेवण. एका घरात किमोनो भाड्याने मिळतात. तरुण मुली किमोनो घालून, लाल छत्री घेऊन फोटो काढत होत्या. सुरुवातीला मला ते खुपलं. इतकी माणसं गेली त्या जमिनीवर फोटो? पण दुपारपर्यंत मन निवळलं. या उतारावर मुलींच्या हसण्याचा आवाज पूर्वीही असेलच. तो पुन्हा यावा म्हणून तर कुणीतरी एवढं केलं.

गावात एक घर मात्र वेगळं आहे. त्यात 1966 ची हकिगत ठेवली आहे. आदल्या दिवशीचं गाव आणि नंतरचं गाव, दोन्हींचे फोटो. आधीच्या फोटोत छपरं दाटीवाटीने, अंगणात वाळत घातलेलं काहीतरी. नंतरच्या फोटोत नुसते दगड. आत आम्ही तिघंच होतो. मुलगा पाट्या वाचायला लागला आणि मध्येच थांबला. मी म्हटलं, राहू दे, कळलं.

ह्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. त्या घरातून बाहेर पडल्यावर ते सरळ ओढ्याच्या कडेने वर चालू लागले. मागे आम्ही. गावाच्या वरच्या अंगाला, झाडांमध्ये, ओढ्यात आडवे काँक्रीटचे बंधारे आहेत, एकामागे एक, पायऱ्यांसारखे. जपानीत याला साबो म्हणतात, म्हणजे वाळू-माती अडवणं. हा शब्द आता जगभरच्या अभियंत्यांच्या तोंडी आहे. ह्यांनी मला समजावलं. हे पाणी साठवायचे बंधारे नव्हेत. ओढ्याचा उतार मोडायचा, म्हणजे पाण्याचा जोर मोडतो. वरून दगड आणि ओंडके आले तर इथे अडकतात, पाणी पुढे जातं. भरले की माती उपसायची. "गाव बांधण्याआधी हे बांधायला लागतं," ते म्हणाले आणि बंधाऱ्याच्या भिंतीवर हात ठेवून उभे राहिले. किती वेळ, मी मोजला नाही. माळीणच्या वर्षी ते निवृत्त होऊन एकच वर्ष झालं होतं. त्या पावसाळ्यात घरात फार बोलले नव्हते.

तिथून खाली पाहिलं. छपरांच्या मागच्या बाजू, ओढा, त्यापलीकडे सरोवराचा तुकडा. फुजी असायला हवा तिथे ढग. बंधारे आणि छपरं एकाच नजरेत येतात, याचं मला फार बरं वाटलं. मला सगळ्यात पटलेली गोष्ट हीच. नुसती सुंदर घरं उभी करून खालची गोष्ट झाकून टाकता आली असती, तशी झाकलेली नाही. गोष्ट सांगणारं घर गावाच्या आत आहे आणि बंधारा घराच्या मागे आहे.

एक गोष्ट मात्र संध्याकाळी लागून राहिली. साडेचारला माणसं दारं लावू लागली. एका घरात एक काकू इरोरीतली लाकडं बाजूला करून निखारे राखेत पुरत होत्या, आपण चुलीतला विस्तव झाकतो तशाच. त्यांच्याकडे पाहून मी हात जोडले, त्यांनी वाकून नमस्कार केला. पाचला गाव रिकामं. इथे रात्री कोणी झोपत नाही. पहाटे दार उघडून कोणी तोंड धुवायला ओढ्यावर येत नाही. नव्या माळीणमध्ये 2017 मध्ये लोकांना पक्की घरं मिळाली, रांगेतली, दुसऱ्या जागी. तिथे माणसं आहेत, पोरं आहेत, दारात कपडे वाळतात, पण जुन्या गावाचं रूप नाही. इथे रूप आहे आणि माणसं पलीकडे सपाटीवर. दोन्हींतलं काय बरं, हे ठरवायचा मला काय अधिकार? परतताना मिंशुकूंच्या वस्तीतले दिवे लागलेले दिसले. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून मिसोचा वास येत होता आणि एक म्हातारे गृहस्थ अंगणातली पानं झाडत होते. तिकडे बघत मी उरलेली वाट चालले.

रात्री बाईंनी विचारलं, कसं वाटलं? मी म्हटलं, आमच्याकडेही असं एक गाव आहे. मुलाने सांगितलं. त्यांनी गावाचं नाव विचारलं. मी म्हटलं, माळीण. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, "मारीन, मारीन," आणि मग काही न बोलता माझ्या कपात चहा ओतला.

दिवस चौथा : परतीची बस

पहाटे ह्यांनी उठवलं. खिडकीबाहेर फुजी, पूर्ण, एकही ढग नाही. डोक्यावर नवीन बर्फ आणि त्यावर गुलाबी उजेड. 3776 मीटरचा डोंगर, पण इतका जवळ की खिडकीत मावत नव्हता.

तोक्योची बस दुपारची होती. मी म्हटलं, नेनबाच्या थांब्यावरूनच बसू, फुजीसकट छपरं दिसतील. फाटक नुकतंच उघडलं होतं, पर्यटक नव्हते. आम्ही आत गेलो नाही, रस्त्यावरच उभे राहिलो. गवतावर दव होतं आणि ऊन पोहोचलेल्या छपरांतून वाफ निघत होती. आत कुणीतरी लाकडी दारं सरकवत होतं, एकेक. मग वरच्या ओळीतल्या एका घरातून धूर आला, अगदी बारीक, गवतातून झिरपल्यासारखा. थोड्या वेळाने खालच्या घरातून. हे मोजत होते. "तीन," म्हणाले.

बस आली. चालकाने दार उघडलं, गावाकडे एकदा पाहिलं, आम्हाला मान झुकवून नमस्कार केला आणि आम्ही चढेपर्यंत थांबला.